शिपायावरचा भरवसा : कर्नल चार्ल्स रोवन आणि लंडनचे पोलीस



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या नोकरीचा पूर्वार्ध पलटणीत गेला आणि उत्तरार्ध पोलीस खात्यात. त्यामुळे विषय निवडताना मला फार लांब जावे लागले नाही. सैन्यातला माणूस पोलिसांचा प्रमुख झाला तर काय होते, हा प्रश्न आपल्याकडे अधूनमधून निघतोच. कुठे दंगल झाली, कुठे खात्यातला गैरप्रकार उघड झाला, की चहाच्या टपरीवर कोणीतरी म्हणतोच, "एखादा मिलिटरीवाला आणून बसवा, महिन्याभरात सगळे सरळ होतील." आज मी ज्याच्याविषयी बोलणार आहे तो खराखुरा मिलिटरीवाला होता, वॉटर्लूच्या रणांगणावर जखमी झालेला. त्याला एका मोठ्या शहराच्या पोलीस खात्यावर आणून बसवले आणि त्याने टपरीवरच्या अपेक्षेच्या नेमके उलटे काम केले.

चार्ल्स रोवन हा उत्तर आयर्लंडमधल्या अँट्रिम परगण्यातला. जन्म १७८२च्या सुमाराचा. घरचे बरे होते, पण श्रीमंती नव्हती. १७९७मध्ये, वयाच्या पंधराव्या वर्षाच्या आसपास, तो ब्रिटिश सैन्याच्या ५२व्या पायदळ पलटणीत दाखल झाला. पुढची पंचवीस वर्षे हीच पलटण त्याचे घर होती. स्पेन-पोर्तुगालच्या मोहिमेत तो होता, बदाहोसच्या वेढ्यात जखमी झाला, १८१५मध्ये वॉटर्लूला पुन्हा जखमी झाला. त्या दिवशी संध्याकाळी नेपोलियनच्या शाही रक्षक दलाच्या बगलेवर तुटून पडली ती हीच ५२वी पलटण. १८२२मध्ये तो सैन्यातून निवृत्त झाला. इथवरची हकीकत त्या काळातल्या शेकडो अधिकाऱ्यांसारखीच आहे. वेगळी आहे ती मधली दोन-तीन वर्षे, आणि ती लढाईची नव्हेत, तालमीची आहेत.

इंग्लंडच्या आग्नेय किनाऱ्यावर केंट परगण्यात शॉर्नक्लिफ नावाची छावणी आहे. १८०३च्या सुमाराला समुद्रापलीकडे बुलोनला नेपोलियनची फौज इंग्लंडवर उतरण्याच्या तयारीत बसली होती. अलीकडे शॉर्नक्लिफला जनरल सर जॉन मूर हा ५२व्या आणि ४३व्या पलटणीला 'हलके पायदळ' म्हणून नव्याने तयार करत होता. त्या काळच्या साध्या शिपायाचे काम म्हणजे खांद्याला खांदा लावून रांगेत उभे राहायचे आणि हुकूम आला की बार काढायचा. डोके चालवायची त्याला मुभा नव्हती. चुकला तर पाठीवर फटके ठरलेले. हलक्या पायदळाचे काम निराळे. हे लोक मुख्य फौजेच्या पुढे पसरून, जोडीजोडीने, झाडाझुडपांच्या आडोशाने लढत. पुढच्या चौकीवर रात्री उभा असलेल्या शिपायाला चाहूल लागली की काय करायचे हे त्याचे त्यालाच ठरवावे लागे. विचारायला साहेब जवळ नसे.

अशा शिपायाला नुसत्या फटक्यांच्या भीतीवर घडवता येत नाही. म्हणून मूर आणि ५२व्या पलटणीचा लेफ्टनंट कर्नल केनेथ मॅकेन्झी यांनी वेगळी शिस्त लावली. अधिकाऱ्याने शिपायांबरोबर स्वतः कवायत करायची, आपल्या तुकडीतला प्रत्येक माणूस ओळखायचा. गुन्हा घडल्यावर शिक्षा देण्यात अधिकाऱ्याची कर्तबगारी नाही, गुन्हा घडूच न देण्यात आहे. तरुण रोवनचे अधिकारीपण या शाळेत पक्के झाले. पुढच्या सगळ्या गोष्टीची किल्ली इथे आहे.

आता १८२९ सालच्या लंडनकडे येऊ. सुमारे पंधरा लाखांचे शहर, आणि त्याची राखण पॅरिशागणिक, म्हणजे चर्चच्या हद्दीनुसार पडलेल्या स्थानिक विभागागणिक, नेमलेल्या रात्रीच्या पहारेकऱ्यांवर. बरेचसे म्हातारे, हातात कंदील आणि काठी. चोऱ्या वाढत होत्या, दंगली तर नेहमीच्याच. दंगल झाली की उपाय एकच : फौज बोलवायची. १८१९मध्ये मँचेस्टरच्या सेंट पीटर्स मैदानावर सभेला जमलेल्या लोकांवर घोडेस्वार घालण्यात आले. त्यात पंधराएक माणसे मेली, शेकडो जखमी झाली. वॉटर्लूच्या चारच वर्षांनंतर घडलेल्या या प्रकाराला लोकांनी उपहासाने 'पीटर्लू' हे नाव दिले.

तरीही इंग्रज माणसाला कायमचे पोलीस दल नकोच होते. त्याला ती फ्रेंचांची भानगड वाटे. सरकारी हेर आणि बंदूकधारी शिपाई गल्लोगल्ली फिरणार, आपल्या दारात येऊन चौकशा करणार, हे त्याला खपणारे नव्हते. गृहमंत्री रॉबर्ट पील याने हा विरोध ओळखून सावधपणे पावले टाकली. १९ जून १८२९ रोजी महानगर पोलीस कायदा मंजूर झाला. प्रमुख म्हणून एक नव्हे, दोन आयुक्त नेमायचे ठरले : एक सैनिक आणि एक वकील. सैनिक म्हणून पीलने आधी कर्नल जेम्स शॉ याला विचारले होते. त्याने नकार दिला. हा शॉ ४३व्या पलटणीचा, म्हणजे शॉर्नक्लिफच्याच मुशीतला. त्याचे नाव लक्षात ठेवा, तो पुन्हा येणार आहे. मग निवड झाली रोवनची. वकील होता रिचर्ड मेन, डब्लिनच्या न्यायाधीशाचा मुलगा, वय बत्तीस-तेहेतीस. दोघेही आयरिश. जुलैच्या पहिल्या आठवड्यात दोघांची पहिल्यांदा भेट झाली आणि २९ सप्टेंबर १८२९च्या संध्याकाळी त्यांचे शिपाई लंडनच्या रस्त्यांवर उतरले. मधे जेमतेम बारा आठवडे. ४, व्हाइटहॉल प्लेस हे त्यांचे कार्यालय. त्याची मागची बाजू ग्रेट स्कॉटलंड यार्डात उघडे. जगाला ठाऊक असलेले नाव त्या मागच्या दारावरून पडले.

या शिपायाकडे जरा जवळून बघू. अंगात निळा कोट. निळा अशासाठी की सैन्याचा रंग लाल, आणि याला पाहून कोणाला सैन्य आठवता कामा नये. डोक्यावर साध्या नागरिकासारखी उंच हॅट, फक्त आतून मजबूत केलेली. गळ्याभोवती चामड्याचा रुंद पट्टा, मागून कोणी गळा आवळू नये म्हणून. कॉलरवर नंबर, म्हणजे तक्रार करायची तर कोणाची हे लोकांना कळावे. मदत मागायला लाकडी खुळखुळा. आणि शस्त्र? लाकडी दंडुका, तोही कोटाच्या शेपटीतल्या खिशात दडवलेला. हातात उगारून फिरायचे नाही. एरवी तलवार नाही, बंदूक नाही. पंचवीस वर्षे बंदुकांच्या संगतीत घालवलेल्या कर्नलचे हे शिपाई होते.

रोवनने सैन्यातून काय आणले आणि काय बाहेर ठेवले, हे बघण्यासारखे आहे. बंदूक, लाल रंग आणि बराकीतली दहशत त्याने बाहेर ठेवली. आणली ती शॉर्नक्लिफची चौकी. शहराचे विभाग पाडले, विभागांचे भाग, आणि भागांच्या गस्ती. प्रत्येक शिपायाला ठरलेली गस्त, ठरलेली चाल, ठरलेली वेळ. सार्जंट येऊन बघणार की माणूस जागेवर आहे का. शिपायाने आपल्या गस्तीतली घरे, गल्ल्या, माणसे ओळखायची. १८३४च्या संसदीय समितीपुढे आयुक्तांनी मांडलेले तर्कशास्त्रही सैनिकी होते : श्रीमंतांच्या सेंट जेम्स भागाची राखण करायची तर सेंट जाइल्सच्या गरीब वस्तीवर नजर ठेवली पाहिजे. पुढची चौकी सांभाळली की छावणी आपोआप सांभाळली जाते. यात गरीब वस्तीकडे संशयाने पाहण्याची वृत्ती आहे, हेही नोंदवले पाहिजे. त्या वस्त्यांतल्या लोकांनी या निळ्या शिपायांना मनापासून शिव्या घातल्या त्या उगाच नव्हेत.

रोवन आणि मेन यांनी शिपायांसाठी लिहिलेल्या सूचना हा या खात्याचा पाया. त्यांचे सार असे : पोलिसांचा मुख्य उद्देश गुन्हा घडू न देणे हा आहे, किती लोकांना पकडले यावर नव्हे, तर गुन्हे किती कमी झाले यावर शिपायाची परीक्षा होईल, आणि शिपायाच्या अंगी सर्वांत आवश्यक गुण कोणता, तर राग आवरणे. कोणी कितीही डिवचले तरी शांत राहणाऱ्या शिपायाच्या बाजूने आजूबाजूची माणसे उभी राहतात, हे व्यवहारज्ञान त्यात आहे. आज जगभर 'पीलची नऊ तत्त्वे' म्हणून जी यादी भिंतींवर लावतात, ती पीलने लिहिलेली नाही. ती विसाव्या शतकात चार्ल्स रीथ या इतिहासकाराने शब्दबद्ध केली. तिचा गाभा मात्र या सूचनांमधला आहे.

सूचना लिहिणे सोपे. माणसे मिळणे कठीण. पगार आठवड्याला २१ शिलिंग, कसलेल्या कारागिरापेक्षा कमी. उंची, वय, लिहिता-वाचता येणे या अटी होत्या, पण दारूचे काय करणार? वॉरंट क्रमांक १ ज्याला मिळाला तो शिपाई पहिल्याच दिवशी नशेत सापडला आणि चार तासांत घरी गेला. १८३०च्या मे महिन्यात नोकरीत असलेल्या सुमारे २,८०० शिपायांपैकी चार वर्षांनी ६००ही उरले नाहीत. कोणी सोडून गेले, बरेचसे काढले गेले. शिपायाला मान द्यायचा, त्याच्यावर भरवसा टाकायचा, आणि भरवसा मोडला तर तडकाफडकी घरी पाठवायचे, ही रोवनची शिस्त. दुसरीही एक गोष्ट पीलने पहिल्यापासून ठरवली होती. वरच्या जागा बड्या घरच्या तरुणांना द्यायच्या नाहीत. खालून चढत आलेल्यांनाच द्यायच्या. सुपरिंटेंडेंट म्हणून घेतलेले बरेच जण सैन्यातले निवृत्त सार्जंट होते. शिपाई म्हणून भरती झालेल्या माणसाला वरची पायरी दिसत होती.

आता १३ मे १८३३ची दुपार. कोल्डबाथ फील्ड्स या मैदानावर कामगारवर्गाच्या एका संघटनेची सभा होती आणि गृहखात्याने ती बेकायदा ठरवली होती. रोवनच्या शिपायांनी दंडुके चालवले. धुमश्चक्रीत रॉबर्ट कली नावाच्या शिपायाला कोणीतरी भोसकले. तो धडपडत जवळच्या कॅलथॉर्प आर्म्स या दारूच्या गुत्त्यात शिरला आणि तिथेच मेला. मृत्यूची चौकशीही त्याच गुत्त्यात झाली. सतरा ज्यूरर, सगळे आसपासचे लहान दुकानदार आणि कारागीर. त्यांचा प्रमुख एक बेकरीवाला. चौकशी चालवणाऱ्या कॉरोनरने परोपरीने समजावले, पुन्हा विचार करायला लावले, पण ज्यूरी हलेना. निकाल दिला : समर्थनीय मनुष्यवध. कारणेही दिली. दंगलीच्या कायद्याची ताकीद वाचून दाखवली नव्हती, लोकांना पांगायला सांगितले नव्हते आणि पोलिसांचे वागणे क्रूर व विनाकारण होते. बाहेर लोकांनी ज्यूरीचा जयजयकार केला, पुढे त्यांचे सत्कार झाले.

वरच्या न्यायालयाने तो निकाल रद्द ठरवला, आणि कायद्याच्या दृष्टीने ते बरोबरच होते. एका नि:शस्त्र शिपायाचा खून समर्थनीय कसा होईल? पण रोवनच्या कारकिर्दीत मला हा प्रसंग वॉटर्लूपेक्षा मोठा वाटतो. आपल्या खात्याचा शिपाई मारला गेला आणि शहर मारणाऱ्याच्या बाजूने उभे राहिले, हे त्याला पाहावे लागले. त्याच वर्षी दुसरे प्रकरण निघाले. पोपे नावाचा सार्जंट साध्या कपड्यांत, चित्रकार असल्याचे सोंग घेऊन, एका राजकीय संघटनेत घुसला होता आणि सभासदांना चिथावत होता. दोन्ही प्रकरणांची संसदीय समित्यांनी चौकशी केली. आयुक्तांना समितीपुढे बसून उत्तरे द्यावी लागली. पोपेला काढून टाकले. साध्या कपड्यांतल्या पोलिसांविषयी लोकांच्या मनात इतकी चीड होती की स्कॉटलंड यार्डाला गुप्तहेर शाखा काढायला १८४२ साल उजाडावे लागले, आणि तीही दोन इन्स्पेक्टर आणि सहा सार्जंटांची.

पंधरा वर्षांनी कसोटी पुन्हा लागली. १० एप्रिल १८४८. युरोपात राज्ये उलथत होती आणि लंडनमध्ये मताधिकार मागणारे चार्टिस्ट केनिंग्टनच्या मैदानावर हजारोंनी जमले होते. वॉटर्लूचा विजेता म्हातारा वेलिंग्टन फौज घेऊन तयार होता, पण ती नजरेआड ठेवलेली. समोर, नदीवरच्या पुलांवर होते ते पोलीस आणि हजारो स्वयंसेवक. चार्टिस्टांच्या पुढाऱ्याला आधीच गाठून सांगितले की सभा घ्या, मोर्चा मात्र पूल ओलांडणार नाही. त्याने ते मानले. सभा झाली, पाऊस आला, लोक घरी गेले. एक गोळी सुटली नाही. त्याच वर्षी रोवनला 'सर' हा किताब मिळाला. १८५०मध्ये तो निवृत्त झाला आणि १८५२च्या मे महिन्यात वारला.

इथे हे व्याख्यान संपवता आले असते आणि तुम्ही एका भल्या माणसाची कथा ऐकून घरी गेला असता. पण शॉर्नक्लिफच्या शाळेचे आणखी दोन विद्यार्थी आहेत, आणि आपला संबंध त्यांच्याशी जास्त आहे.

पहिला, मघाशी नकार दिलेला जेम्स शॉ, पुढे शॉ-केनेडी. १८३६मध्ये आयर्लंडच्या नव्या पोलीस दलाचा तो पहिला महानिरीक्षक झाला. तेच शिक्षण, तीच पलटणीची परंपरा; पण तिथे उभे राहिले ते बंदूकधारी, बराकीत राहणारे आणि स्वतःच्या परगण्यात कधीही नेमणूक न मिळणारे दल. गावातल्या माणसाने गावाची राखण करायची नाही. परक्याने गावावर पहारा ठेवायचा. दुसरा चार्ल्स नेपियर. त्याचे बालपण आयर्लंडमध्ये गेले होते, मूरच्या हाताखाली तो केंटच्या किनाऱ्यावर होता आणि मूर जिथे पडला त्या कोरुन्याच्या लढाईतही. १८४३मध्ये मियाणीची लढाई जिंकून त्याने सिंध घेतला आणि तिथे पोलीस दल उभारले, ते लंडनच्या नव्हे, आयर्लंडच्या नमुन्यावर. मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांनी सिंधमध्ये ही व्यवस्था पाहिली आणि १८५३मध्ये ती मुंबई इलाख्यात आली. जिल्ह्याजिल्ह्याला पोलीस सुपरिंटेंडेंट आले. १८५७च्या उठावानंतर पोलीस आयोग नेमला गेला आणि १८६१च्या पाचव्या कायद्याने जवळपास तीच चौकट देशाच्या बऱ्याच भागात बसवली. म्हणजे पुणे, सातारा, नगर, खानदेशच्या पोलिसांची वंशावळ लंडनला न जाता सिंधमार्गे आयर्लंडला जाते.

एकाच गुरूचे तीन शिष्य. एकाने नि:शस्त्र दल उभारले, दोघांनी सशस्त्र. मग रोवन भला आणि बाकीचे वाईट, असे म्हणायचे का? मुळीच नाही. नेपियर स्वभावाने उदार होता, शॉ-केनेडी कर्तबगार आणि सरळ माणूस होता. फरक माणसांत नव्हता. लंडनमध्ये बेकरीवाला ज्यूरीवर बसून पोलीस आयुक्ताला अडचणीत आणू शकत होता. तिथे संसद प्रश्न विचारत होती, वर्तमानपत्रे सोलून काढत होती, पॅरिश पोलीसपट्टीवरून भांडत होते. आयर्लंडातल्या किंवा सिंधमधल्या कुळाच्या हातात यातले काहीच नव्हते. रोवनच्या शिपायाच्या हातात दंडुका राहिला, बंदूक आली नाही, याचे अर्धे श्रेय रोवनचे. उरलेले अर्धे त्याला शिव्या घालणाऱ्या लंडनकरांचे.

लंडनलाही पुढे दुसऱ्या प्रकारचा मिलिटरीवाला मिळाला. रॉयल इंजिनिअर्समधला सर चार्ल्स वॉरन १८८६मध्ये आयुक्त झाला. १३ नोव्हेंबर १८८७ला ट्रॅफल्गर चौकातली सभा मोडायला त्याने पोलिसांबरोबर फौजही उतरवली. तो दिवस 'रक्तरंजित रविवार' म्हणून ओळखला जातो. वर्षभरात गृहमंत्र्यांशी खटके उडून तो राजीनामा देऊन गेला. तोही शूर होता, शिस्तीचा होता. त्याने सैन्यातून नेमके ते आणले जे रोवनने बाहेर ठेवले होते.

आता आपल्याकडे परतू. आपल्या व्यवस्थेचा आपल्याच पोलिसावर किती भरवसा आहे, याचा एक साधा पुरावा देतो. १८७२च्या पुरावा कायद्याच्या कलम २५ने ठरवले की पोलिसापुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध वापरता येणार नाही. लोकांना दहशत बसेल असे दल उभारायचे आणि मग त्याच्या शब्दावर न्यायालयाने विश्वास ठेवायचा नाही, अशी ती सोय होती. स्वातंत्र्य आले, राज्यघटना आली. २०२३च्या नव्या साक्ष अधिनियमातही ही तरतूद कायम आहे. आणि ती आज काढावी असे मीही म्हणणार नाही, कारण तिची गरज ज्यामुळे पडली ती कारणे संपलेली नाहीत.

निवृत्त पोलीस महासंचालक प्रकाश सिंह यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २२ सप्टेंबर २००६ रोजी निकाल दिला आणि सात निर्देश दिले. त्यांत प्रमुख अधिकाऱ्यांना ठरावीक मुदत, तपास आणि बंदोबस्ताची फारकत आणि पोलिसांविरुद्धच्या तक्रारींसाठी स्वतंत्र प्राधिकरण यांचा समावेश आहे. राज्यांनी ते कागदावर आपापल्या सोयीने वाकवून घेतले. त्यावर ओरड कोणी केली? काही निवृत्त अधिकारी, काही वकील, थोडे पत्रकार. बाकी आपण सगळे टपरीवर मिलिटरीवाल्याची वाट पाहत होतो.

श्रोतेहो, सैन्यातून आलेल्या अधिकाऱ्याचे पोलीस खात्यात जरूर स्वागत करावे. मात्र त्याला एक प्रश्न विचारावा : पलटणीतून काय आणलेस? शिपायाला नावाने ओळखायची सवय, त्याच्या राहण्याची, पगाराची, सुट्टीची काळजी आणि त्याच्या निर्णयावरचा भरवसा आणला असेल तर त्याच्या हाती खाते द्यावे. नुसता दरारा आणला असेल तर आपल्याकडे तो १८६१पासून भरपूर आहे. दुसरा प्रश्न स्वतःला विचारावा. आपल्या तालुक्याच्या ठाण्यात काय चालते हे आपण कधी विचारले आहे का? जिल्ह्यात तक्रार प्राधिकरण आहे की नाही, हे आपल्याला ठाऊक आहे का? नसेल, तर उद्या आपल्या आमदाराला एक पत्र लिहा आणि तेवढेच विचारा. चांगला पोलीस वरून नेमून येत नाही. त्याला जाब विचारणारे नागरिक आधी लागतात.